साडेतीनवरचा घुमारा

मंगळवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात हॅलोसाहेबांनी एका नागरिकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन आपटला. बावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं. शेजारच्या जावक टेबलावरचा कारकून पाकिटाला डिंक लावत होता, त्याचं बोट पाकिटालाच चिकटलं.

हॅलोसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पण दिवसाला सरासरी एकशे बारा वेळा हॅलो म्हणणाऱ्या माणसाला दुसरं नाव लागत नाही. घरीसुद्धा दाराची घंटा वाजली की ते दार उघडून आधी हॅलो म्हणत आणि मग कोण आलंय ते बघत.

फोनवरचा नागरिक म्हणाला होता, "पाण्याचं राहू द्या, आधी ती पिपाणी बंद करा." त्यापुढे त्याने आणखी तीन शब्द वापरले. तक्रार नोंदवहीत चौथा रकाना 'तक्रारीचे स्वरूप' असा असतो. नागरिक नळाबद्दल बोलला तर तिथे नळाचं लिहायचं आणि हॅलोसाहेबांच्या घराण्याबद्दल बोलला तर 'नोंदवण्याजोगे नाही' असं लिहायचं, ही पद्धत हॅलोसाहेबांनीच पाडली होती. बावीस वर्षांत हे दोन शब्द इतक्या वेळा लिहावे लागले की त्यांचा रबरी शिक्का करून मिळावा असा अर्ज त्यांनी दिला होता. तो प्रलंबित होता.

पण पिपाणी कसली? हॅलोसाहेबांनी जावक टेबलावरचा फोन उचलला आणि आपल्याच विभागाचा नंबर फिरवला. रांगेत थांबलेल्या माणसाला एक धून ऐकवली जाते, हे त्यांना कागदोपत्री ठाऊक होतं. ती ऐकली मात्र कधीच नव्हती, कारण ते कायम तारेच्या दुसऱ्या टोकाला असत. चावीच्या खेळण्याच्या पोटात पाय दिल्यावर निघावा तसला तो आवाज होता. चौदा सेकंदांत संपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. नागरिकाला सरासरी अकरा मिनिटं थांबावं लागे; म्हणजे सत्तेचाळीस वेळा. हॅलोसाहेब घड्याळ लावून सगळ्या सत्तेचाळीस वेळा उभे राहिले. विसाव्या फेरीला त्यांची दाढ ठणकायला लागली. तेहेतिसाव्या फेरीला त्यांना एक शब्द सुचला. सत्तेचाळिसाव्या फेरीला तो त्यांनी मोठ्याने उच्चारला, आणि जावक कारकुनाने दुसरं बोटही डिंकात घातलं.

म्हणजे बावीस वर्षं ज्या शिव्या आपल्या म्हणून आपण डब्याच्या पिशवीतून घरी नेल्या, त्यातल्या निम्म्या त्या पिपाणीच्या होत्या! या विचाराने हॅलोसाहेबांचं डोकं जे तापलं, ते त्यानंतर आजतागायत पुरतं निवलेलं नाही. त्यांना काही मोठं नको होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तेवढ्यात एकदा तरी फोन उचलल्यावर पलीकडच्या माणसाचं पहिलं वाक्य शिवी नसावं, एवढंच.

त्यांनी धून बदलण्याची टिपणी लिहिली आणि उपअभियंत्यांपुढे ठेवली. उपअभियंते म्हणजे मुळात पाइपांतला माणूस. दोन फुटांपेक्षा कमी व्यासाच्या गोष्टीत त्यांचं मन रमत नसे.

"धून विकत घ्यायला आपल्याकडे खर्चाचं शीर्ष नाही," ते म्हणाले. "झडपा आहेत, सांधे आहेत, तुरटी आहे. धून कशात बसवू? तुरटीत?"

"मग फुकट मिळाली तर, साहेब?"

"फुकट असेल, स्वतः रचलेली असेल, वर हक्क सोडल्याचं पत्र असेल, तर विचार करता येईल. पुढच्या महिन्यात शेवटच्या शुक्रवारी फोनयंत्रणेचा ठेकेदार येतोय. त्याला काय ती दिली तर बसवेल. तो त्यानंतर अकरा महिन्यांनी येतो. आणि हो, धून तीन प्रतींत द्या."

तीन प्रतींत धून म्हणजे काय, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बावीस वर्षांत तेवढं हॅलोसाहेब शिकले होते.

कॉलेजात असताना घेतलेला एक सिंथेसायझर त्यांच्या पोटमाळ्यावर होता. दोन पट्ट्या मुक्या होत्या, बाकीच्या बोलत होत्या. बायकोचा धाकटा भाऊ गिटार वाजवत असे, निदान तसं तो सांगत असे. त्याच्याकडे ठोक्यांचं एक चौकोनी यंत्रही होतं, बटण दाबलं की ढोलासारखं वाजणारं. रविवारी बैठकीच्या खोलीत सोफा भिंतीला सरकवून तिघांनी, म्हणजे हॅलोसाहेब, मेहुणा आणि यंत्र यांनी, कॅसेटवर पहिलं ध्वनिमुद्रण केलं. मग ते लावून ऐकलं. ढोल बिस्किटांच्या डब्यासारखा वाजत होता, सिंथेसायझर दाराच्या घंटेसारखा आणि गिटार कुणी कुंपणाच्या तारेवर छत्री ओढावी तशी.

"अहो, रागावू नका," बायको म्हणाली, "पण पहिली पिपाणी बरी होती."

हॅलोसाहेब रागावले नाहीत. ते ताडकन उठले, कॅसेट खिशात टाकली आणि चपला उलट्या घालून गल्लीच्या टोकाच्या रेडिओवाल्याकडे गेले. हा रेडिओवाला रेडिओ दुरुस्त करी, आणि माणसांशी जरुरीपुरतं बोले. त्याने ध्वनिमुद्रण एकदा ऐकलं, दुकानाच्या मागे गेला आणि लोखंडी पत्र्याची एक जड पेटी उचलून आणली. समोर सात नॉब होते.

"आवाज कच्चा आहे," तो म्हणाला. "गाळावा लागेल. हा ॲनालॉग फिल्टर."

गाळणं म्हटल्यावर हॅलोसाहेबांना धीर आला. पाणीपुरवठ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला गाळण्याबद्दल कुणी शिकवू नये. रेडिओवाल्याने तरीही शिकवलं. आवाजात जाड असतं आणि बारीक असतं. पहिला नॉब ठरवतो की बारीक कुठे कापायचं, तो काप. दुसरा ठरवतो की कापल्या जागी आवाज किती घुमवायचा, तो घुमारा. तिसऱ्याने काप हळूहळू मागेपुढे हलत राहतो, तो झोका. उरलेले चार याच तिघांना मदत करतात किंवा त्यांची खोड काढतात.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," रेडिओवाला म्हणाला. "चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या, गार असताना सूर घसरतो. आणि या पेटीला स्मरण नाही. नॉब जिथे आहे तोच आवाज. हलला की गेला. कुठे वाजवणार आहात?"

"फोनवर."

रेडिओवाला प्रथमच हसला. "फोनवर? फोनच्या तारेतून जाडही जात नाही आणि बारीकही जात नाही. मधलं तेवढं जातं. मग एवढा खटाटोप कशाला?"

हॅलोसाहेबांना हे फार लागलं. फोन या वस्तूबद्दल बावीस वर्षं कान त्याला लावून बसलेल्या माणसाला कुणी दुकानदाराने सांगावं! त्यांनी पेटी काखेत मारली आणि त्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. या प्रकरणातलं एकमेव उपयोगी वाक्य तेच होतं, याची नोंद इथे करून ठेवायला हवी.

पुढचे नऊ दिवस ऑफिसातून आल्यावर हॅलोसाहेब आणि मेहुणा पेटीपुढे बसत. पहिल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य खाली आले. त्यांचा दवाखाना हॅलोसाहेबांच्या बैठकीच्या बरोबर डोक्यावर होता.

"हॅलोसाहेब, हा आवाज बंद करा. खुर्चीतला पेशंट उठून पळाला. मी अजून यंत्र हातातही घेतलं नव्हतं."

"घुमारा जरा चढलाय," मेहुणा म्हणाला.

"चढलाय काय! अहो, हा सरळसरळ दाढ पोखरण्याचा आवाज आहे. तीस वर्षं ऐकतोय. तो नॉब साडेदहावर घ्या."

नॉबची जागा घड्याळाच्या काट्यावरून सांगायची ही सोय दंतवैद्यांनी काढली. दातांची जागा ते तशीच सांगत असावेत. ती सगळ्यांना इतकी आवडली की घरात दुसरी भाषाच उरली नाही. "काप दोनवर असू दे, झोका सव्वाबाराला आण." "भावजी, तुम्ही पावणेअकरा म्हणालात आणि अकरा केलंत." दंतवैद्य रोज पेशंट संपवून येऊ लागले आणि तक्रारदाराचे सल्लागार झाले. त्यांचा आग्रह असा की ढोल दाढेसारखा मुळापासून हलला पाहिजे.

या सगळ्यात एकच व्यक्ती काही बोलत नव्हती. ती म्हणजे सासूबाई. त्या चार वर्षांपासून लेकीकडे राहत होत्या आणि घरात वाकडं ठेवलेलं काही त्यांना सोसत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, पायपुसणं, जावयाच्या शर्टाची कॉलर, सगळं त्या येताजाता सरळ करत. पेटीकडे त्या दुरून बघत आणि सुस्कारा सोडत. हॅलोसाहेबांनी तो सुस्कारा संगीताला दिलेली दाद म्हणून घेतला.

नवव्या संध्याकाळी ते जमलं. पेटी चाळीस मिनिटं तापलेली होती. ढोल आला तो पोटातून आला. सिंथेसायझरचा सूर धुक्यातून दिवा यावा तसा उजळत गेला आणि त्याच्या काठाकाठाने मेहुण्याची गिटार, जिला आयुष्यात प्रथमच कुणी गिटार म्हणालं असतं, अलगद चालत गेली. तीस सेकंदांची धून. संपल्यावर दंतवैद्यांनी चष्मा पुसला. बायको म्हणाली, "हे ऐकून मी अकरा मिनिटं थांबेन." हॅलोसाहेबांना एवढं कुणी लग्नातसुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांनी सातही नॉबच्या जागा एका कागदावर लिहून घेतल्या.

सोमवारी धून उपअभियंत्यांकडे गेली. तिच्यासोबत 'तांत्रिक तपशील' तीन प्रतींत लागतो म्हणताच हॅलोसाहेबांनी तो नॉबचा कागदच दोन प्रती काढून जोडला. मूळ कागदही दिला. स्वतःकडे काही ठेवलं नाही. नागरिकांना रोज 'पावती जपून ठेवा' असं बजावणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली.

उपअभियंत्यांनी धून ऐकली. "बरी आहे. पण तीस सेकंदांची आहे. आपला 'कृपया प्रतीक्षा करा'चा मजकूर चाळीस सेकंदांचा आहे. दहा सेकंद वाढवा."

"साहेब, शेवटचे दहा सेकंद पुन्हा जोडून देतो."

"जोड चालणार नाही. पाइपाला जोड दिला की तिथूनच गळतं. एकसंध पाहिजे. शुक्रवारी सकाळी ठेकेदार येतोय."

बुधवारी संध्याकाळी हॅलोसाहेब घरी आले. बैठकीत पेटी होती, पुसून लखलखीत केलेली. तिच्यावर विणलेला रुमाल होता. रुमाल उचलला तर सातही नॉब एका ओळीत बारा वाजता उभे होते, कवायतीला उभ्या केलेल्या शिपायांसारखे.

"जावईबापू, किती दिवस वाकडीतिकडी पडली होती ती बटणं," सासूबाई आतून म्हणाल्या. "कुणी लक्ष देईना. शेवटी आज केली सरळ."

सासूबाईंवर रागावता येत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण हॅलोसाहेबांच्या घरात तो पाणीपुरवठ्याच्या कुठल्याही नियमापेक्षा काटेकोर पाळला जाई. ते "वा, छान दिसतंय" म्हणाले, न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडून त्याच्या आवाजाआड ओरडावं असं ठरवलं. नळाला पाणी नव्हतं. ते तसेच, आवाज न करता, तोंड उघडून दोन मिनिटं उभे राहिले.

मग त्यांना कागद आठवला. तीन प्रती होत्या, आणि तिन्ही कार्यालयात होत्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःच्याच कागदाची नक्कल मिळावी म्हणून अर्ज केला. दुपारी बारा वाजता नकलेऐवजी मेमो आला. तो असा:

"आपण सादर केलेल्या टिपणावरून असे दिसून येते की, आपण सकाळी ९.३०, १०.१५, १०.४५, दुपारी १२.००, १२.१५, २.०० व ३.३० या कार्यालयीन वेळांत, रजा मंजूर न करून घेता, ध्वनिमुद्रणाचे खाजगी काम केले आहे. तरी याबाबत आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा."

हॅलोसाहेबांनी मेमो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे कान लाल झाले. ते उपअभियंत्यांच्या खोलीत न विचारता शिरले, हेही बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"साहेब, या वेळा नाहीत! या नॉबच्या जागा आहेत!"

"वाजता असं लिहिलंय तुम्ही. 'काप दोन वाजता.' दोन वाजता तुम्ही काय कापत होतात, ते आस्थापना शाखा विचारतेय. मी नाही."

"मग मूळ कागद दाखवा, मी समजावून सांगतो."

"मूळ कागद चौकशीच्या फाइलला लागला. फाइल मुख्य कार्यालयात गेली."

"आणि बाकीच्या दोन प्रती?"

"त्या त्याच कागदाच्या प्रती आहेत ना? मग फाइलबरोबरच जाणार. खुलासा द्या, फाइल परत येईल. दोन महिन्यांत."

हॅलोसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मेमो होता आणि, रागाच्या धुरातून त्यांना हळूहळू दिसलं, मेमोत सातही आकडे होते. सातच्या सात! फक्त आस्थापना शाखेतल्या कुणा शिस्तीच्या माणसाने ते सकाळपासून दुपारकडे जावेत तसे ओळीने लावले होते. कुठला आकडा कुठल्या नॉबचा, ते गेलं होतं. घरी सासूबाई आणि ऑफिसात आस्थापना शाखा. सरळ करणाऱ्यांनी त्यांना दोन्हीकडून धरलं होतं.

संध्याकाळी साडेपाचला पेटी चालू झाली. मेहुण्याला सात वाजता निघायचं होतं. दंतवैद्यांनी कागदावर हिशोब मांडला.

"सात नॉब, सात जागा. पाच हजार चाळीस जुळण्या होतात. एकेक चाळीस सेकंद ऐकायची म्हटली तर छप्पन्न तास. पाणी प्यायला न उठता."

"पाणी नाहीच आहे," बायको म्हणाली.

"काप दोनवर होता," हॅलोसाहेब म्हणाले. "हे मला पक्कं आठवतं, शिवाय मेमोच्या बोलण्यातही आलं."

"आणि झोका साडेतीनवर," मेहुणा म्हणाला.

"झोका सव्वाबाराला होता."

"भावजी, मी वाजवत होतो. मला ठाऊक."

"मी फिरवत होतो! हात माझा होता!"

"अरे, त्यांच्यावर आवाज चढवू नकोस," बायको भावाला म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळून, "आणि अहो, तुम्ही त्याच्यावर चढवू नका. त्याची गिटार आहे. गेला तर नुसता ढोल उरेल."

"मग घुमारा कुठे होता?" दंतवैद्यांनी विचारलं.

कुणालाच आठवेना. सव्वासहा वाजले. पावणेसात वाजले. खोलीतले सगळे एकमेकांवर वाजता-वाजता असं ओरडत होते, आणि प्रत्येक ओरडण्यात एक खरी वेळ आणि एक खोटी वेळ मिसळत होती. शेवटी सात वाजायला सहा मिनिटं असताना, बाकीच्या आकड्यांना जागा मिळाल्या आणि एक आकडा उरला, साडेतीन. आणि एक नॉब उरला, घुमारा. हॅलोसाहेबांनी तो रागारागाने साडेतीनवर नेला. धून वाजली. ती तितकी चांगली नव्हती, पण मेहुण्याने एक बूट घातला होता. ढोल होता, गिटार होती, मध्ये काहीतरी डुबुकडुबुक करत होतं, ते दंतवैद्यांच्या मते 'आधुनिक' होतं.

"जरा गुळण्या केल्यासारखं नाही का वाटत?" बायको म्हणाली.

"ढोल जाड आहे, त्यात ते बुडून जातं," हॅलोसाहेब म्हणाले. हे त्यांच्या बैठकीच्या खोलीपुरतं खरं होतं.

शुक्रवारी ठेकेदाराने धून बसवली. हॅलोसाहेबांनी हक्क सोडल्याच्या पत्रावर सही केली. सोमवारी सकाळी साडेनऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले आणि फोनची वाट पाहू लागले. इतकी वर्षं ते फोन थांबण्याची वाट पाहत आले होते.

यंत्रणा नागरिकाला आधी धून ऐकवी आणि मगच फोन आत सोडी. नऊ बेचाळीसला रांगेत पहिला नागरिक आल्याचा दिवा लागला. नऊ त्रेचाळीसला तो विझला. नऊ एकावन्नला दुसरा लागला आणि विझला. अकरापर्यंत सोळा दिवे लागले आणि सोळा विझले. हॅलोसाहेबांना वाटलं, यंत्रणा बिघडली. अकरा वाजून दहा मिनिटांनी एक फोन मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचला.

"हॅलो," हॅलोसाहेब म्हणाले.

"लाज वाटते का तुम्हाला?" एका बाईंनी विचारलं. पहिलं वाक्य शिवी नव्हतं, पण जवळून गेलं. "नळाचा आवाज ऐकवता फोनवर? मला वाटलं पाणी आलं! फोन टाकून पळाले. दोन बादल्या, एक पिंप आणि नातवाचा टब लावून अर्धा तास नळासमोर उभी आहे मी! तुमच्या..."

पुढचं नोंदवण्याजोगं नव्हतं.

रेडिओवाल्याने सांगितलं होतं तसंच झालं होतं. तारेतून जाड गेलं नाही. ढोल ठेकेदाराच्या यंत्रातच राहिला. बारीकही गेलं नाही. गिटारीची चमक गेली. मधलं तेवढं गेलं, आणि मध्ये होता तो साडेतीनवरचा घुमारा: गुळगुळ, गुडगुड, फुस्स, पुन्हा गुळगुळ. पाणी येण्याआधी कोरड्या नळातून हवा येते, तिचा हुबेहूब आवाज. पाणी नाही म्हणून फोन करणाऱ्या माणसाच्या कानात हा आवाज पडल्यावर तो माणूस प्रतीक्षा करत नाही. तो बादली घेऊन धावतो.

पहिल्या दिवशी एकशे बाराऐवजी एकतीस तक्रारींची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी उपअभियंते स्वतः तक्रार विभागात आले, आणि त्यांनी हॅलोसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बहात्तर टक्के घट! बावीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. तुमचं नाव मी वर पाठवतोय. मेमोचंही बघू. धून आता सगळ्या विभागांना लावायची."

"साहेब, तक्रारी घटल्या नाहीत. लोक नळाकडे पळतायत! नळाला पाणी नाही!"

"ते पाण्याच्या शाखेचं आहे. आपली शाखा तक्रारीची."

"आणि जे परत फोन करतात ते दुप्पट चिडलेले असतात. काल एक गृहस्थ रिकामी बादली घेऊन खिडकीशी आले. बादली वाजवत होते!"

"खिडकीवरच्या तक्रारी या अहवालात येत नाहीत," उपअभियंते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो संतोष होता तो हॅलोसाहेबांना आजवरच्या सगळ्या शिव्यांपेक्षा झोंबला.

त्यांनी धून काढून टाकण्याची टिपणी लिहिली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: धून आपली नसून कार्यालयाची आहे, पत्र पाहावे. त्यांनी घुमारा कमी करून नवी धून देण्याची तयारी दाखवली. उत्तर आलं: सध्याची धून समाधानकारक आहे, आणि ठेकेदार अकरा महिन्यांनी येईल. दरम्यान नागरिक शिव्यांमध्येही प्रगती करत होते. पूर्वी त्या घराण्यापर्यंत जात. आता त्यांत संगीत आलं होतं. "हे ज्याने बनवलंय ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणा," असं दिवसातून पाच-सहा जण हॅलोसाहेबांनाच सांगत. हॅलोसाहेब "आपला निरोप पोहोचवतो" असं म्हणत, आणि तो जागच्या जागी पोहोचत असे.

मेहुणा चारचौघांत गिटार वाजवतो म्हणायचा, ते त्याने बंद केलं. दंतवैद्य म्हणाले, मी साडेदहाच सांगितलं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी हॅलोसाहेब कार्यालयात गेले नाहीत. अर्ज दिला नाही, कळवलं नाही. सकाळी उठले, पांघरूण बाजूला केलं, आणि बायकोला म्हणाले, "आज मी जात नाही. त्यांनी वाजवावं आणि त्यांनीच ऐकावं."

"नका जाऊ," बायको म्हणाली. "पण मग नळाचं बघा. परवापासून थेंब नाही. तुमच्या ऑफिसला फोन करा."

"माझ्या ऑफिसला?"

"मग कुणाच्या?"

नऊ वाजून छप्पन्न मिनिटांनी हॅलोसाहेबांनी नंबर फिरवला. ते स्वतः घरी असल्यामुळे तिकडे खुर्ची रिकामी होती, हे त्यांच्या लक्षात होतं. तरी त्यांनी फोन ठेवला नाही, कारण ठेवला की रांगेतली जागा जाते, हे नागरिकांना ते स्वतःच सांगत आले होते. बायकोला ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. खोलीभर आवाज पसरला. गुळगुळ, गुडगुड, फुस्स.

"पाणी आलं!" सासूबाई आतून ओरडल्या, आणि बादलीचा आवाज झाला.

"नाही आलं, आई!"

"अगं ऐकू येतंय ना मला! चल, पातेली दे!"

धून चाळीस सेकंदांची होती. हॅलोसाहेब मोजत होते. पाचव्या फेरीला त्यांना स्वतःचा सिंथेसायझर शोधायचा होता, तो सापडला नाही. अकराव्या फेरीला गिटारीच्या दोन तारा क्षणभर वर आल्या आणि परत बुडाल्या. प्रत्येक फेरीला आतून सासूबाई विचारत होत्या, "आवाज तर येतोय, मग धार का येत नाही?" आणि या प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी त्या घरात, त्या शहरात, ज्या एका माणसावर होती तो स्पीकरसमोर हाताची घडी घालून बसला होता. सोळाव्या फेरीला त्याची दाढ ठणकायला लागली.

दहा वाजून सात मिनिटांनी तिकडून फोन उचलला गेला.

"हॅलो," पलीकडे उपअभियंत्यांचा आवाज होता. त्यांना फोन उचलण्याची सवय नव्हती हे त्यावरून कळत होतं. "पाणीपुरवठा कार्यालय. बोला, काय तक्रार आहे?"

हॅलोसाहेबांनी छातीभर श्वास घेतला. बायकोने उठून आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

तक्रार नोंदवहीत त्या गुरुवारी दहा वाजून सात मिनिटांची एक नोंद आहे. नावाचा रकाना कोरा आहे. चौथ्या रकान्यात, तक्रारीचे स्वरूप, उपअभियंत्यांच्या किरट्या आणि जरा हललेल्या अक्षरात लिहिलंय: नोंदवण्याजोगे नाही. शेवटचा रकाना कार्यवाहीचा. तिथे लिहिलंय: प्रलंबित.